तीन बोटं खोल

पिशवी देऊ का, असं पावाच्या दुकानातल्या बाईनं विचारलं आणि इस्क्रानं मान हलवली. वर, खाली, पुन्हा वर. बाईनं काढलेली पिशवी परत फळीखाली सारली आणि गरम पाव नुसताच पुढं ढकलला. "अहो, पिशवी," इस्क्रा म्हणाली. "आत्ताच नको म्हणालात की!" असं म्हणून बाई मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडं बघून हसली. "सकाळी सकाळी काही जणांच्या मानेला वंगण घालावं लागतं बघा." म्हाताराही हसला. झालं ते एवढंच. कुणाचं काही बिघडलं नाही, पिशवी मिळाली, दाराची घंटी वाजली, आणि इस्क्रा रस्त्यावर आली. पण चार पावलांवर तिला थांबावं लागलं. बावीस वर्षं व्हिएन्नात काढून माणूस आपल्या गावी, प्लोव्दिवला, परत आलं की पाव, पाणी, बोली सगळं महिन्याभरात परत येतं; मान तेवढी येत नाही. तिकडं होकाराला मान वर-खाली करायची आणि नकाराला आडवी, आणि इकडं बरोबर उलटं. परत येऊन दीड वर्ष झालं तरी घाईत असली की तिची मान तिकडचीच हले, आणि त्यावर ती स्वतःच हसे. आज हसू आलं नाही. दुकानातल्या बाईला क्षणभरसुद्धा शंका आली नव्हती, हे तिला खुपलं. मान वर-खाली झाली, म्हणजे नाही. इथं दुसरा अर्थच नाही. कुत्र्याला कळतो, तान्ह्या पोराला कळतो. आणि हे कळायला तिला पाववाली लागली, असं ढोंग ती आता रस्त्यात उभी राहून स्वतःशीच करत होती, हेही तिला कळत होतं.

आज रविवार. आज आईकडं जायचं होतं, आणि जाऊन सांगायचं होतं की मिंझुहार फुलले नाहीत.

मिंझुहार म्हणजे वीतभरही न वाढणारं, पिवळंजर्द फूल. क्रोकस म्हणतात तेच. केशराचं गरीब भावंड, ज्याचं खायला काहीच होत नाही. बर्फ पुरता वितळायच्या आत ते जमिनीतून नाक वर काढतं, उन्हात उघडतं, ढग आला की मिटतं, आणि दोन आठवड्यांत संपतं. तेवढ्यासाठी रायना, म्हणजे इस्क्राची आई, वर्षभर माती करायची. इमारतीच्या पुढची, त्यांच्या खालच्या मजल्याच्या खिडकीसमोरची ती चार हात रुंद पट्टी खरी नगरपालिकेची, पण पंचेचाळीस वर्षांत तिच्यात रायनाशिवाय कुणी खुरपं घातलेलं नव्हतं. ऑक्टोबरात द्राक्षवेलाची पानं गळली की ती गुडघ्याखाली जुनं पोतं घेऊन बसायची. कंद लावायचा तीन बोटं खोल, टोक वर, बुडाशी मूठभर वाळू, म्हणजे कुजत नाही. एका खड्ड्यात पाच, नाहीतर सात, नाहीतर नऊ. सम आकडा कधी नाही. समसंख्येनं फुलं न्यायची ती मेलेल्यांना. आणि फुलून गेल्यावर पात गवतासारखी लोळली तरी कापायची नाही. ती पिवळी पडेस्तोवर कंदाला पोसते. ती कापणाऱ्या मुकादमाला रायनानं एकदा अशा शिव्या घातल्या होत्या की पुढं तो बदली मागून गेला, असं शेजारपाजारचे सांगत. गेल्या ऑक्टोबरातसुद्धा ती बसली होती. इस्क्रा खिडकीत कॉफी पीत उभी होती. आई खालून ओरडली, "अगं ए राणीसाहेब, उतर की खाली! शिकून घे. मी मेल्यावर कोण लावणार?" इस्क्रा म्हणाली, "कुणीच नाही." आई हसली. तिनं एक कंद उचलून वर धरला. "हे बघ. दर वर्षी नवा कंद जुन्याच्या डोक्यावर बसतो. वेगळी जागा शोधत नाही मेला. जुन्याला चोखून चोखून चिपाड करतो, तेव्हा कुठं ह्याचं पोट भरतं." तिनं खालची कागदासारखी वाळकी चकती नखानं उडवली. "ही आई," ती म्हणाली आणि चकती रस्त्यावर टाकली. नऊ नोव्हेंबरला ती स्वयंपाकघरात पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळत मात्र होतं सगळं. डॉक्टरांनी दोनदा तपासून तसं सांगितलं, आणि इस्क्रा दचकली.

ते दचकणं कसलं, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. लोक म्हणतील, लेकीला आईचं दुःख. दुःख होतं, नव्हतं असं नाही. पण त्याच्या तळाशी दुसरंच काही होतं. नवऱ्यानं घर विकायला काढल्यावर, पोरगा बापाकडं राहिल्यावर, एक्कावन्नाव्या वर्षी दोन पेट्या घेऊन ती आईच्या दारात आली होती, आणि पहिल्याच दिवशी आईनं दार उघडून म्हटलं होतं, "आलीस? पायपुसण्यावर पाय पूस." सव्वा वर्ष ती आईच्या भांड्यांत जेवली, आईच्या वेळेला दिवे मालवले, केस कुठं विंचरायचे यावर ऐकून घेतलं. मग आई दवाखान्यात गेली, आणि त्या तीन आठवड्यांत इस्क्रानं घरात पहिल्यांदा दार उघडं टाकून अंघोळ केली. पहिल्यांदा पायपुसण्यावर पाय न पुसता आत आली. खाटेवर आडवी झाली आणि छताकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "वा!" तिला आई नको होती. मेलेली नको होती, दुखणाईत नको होती, बरी होऊन तर मुळीच नको होती. तिला ती कुठंतरी असायला हवी होती, इथं सोडून. हे जगात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तिनं ते सांगितलं नाही, तिनं केलं.

दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टर कावलेला होता. वॉर्ड भरलेला, हातात कागद, पेनाचं टोपण दातात. खाटेवर वाकून तो मोठ्यानं म्हणाला, "आजी, घरी चोवीस तास माणूस लागेल. लेक नोकरी करते. वृद्धाश्रमात जाणार का? चांगलं आहे तिथलं." रायनाची हनुवटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. डोळे इस्क्रावर. "नाही म्हणतायत," डॉक्टर म्हणाला आणि कागद उलटवू लागला. आणि इस्क्राच्या तोंडून निघालं, इतकं सहज की आधीच शिजवून ठेवलेलं असावं, "नाही हो डॉक्टर. ती तीन वर्षं माझ्याकडं व्हिएन्नात होती, माझ्या मुलाला सांभाळायला. तिची मान तिकडची झालीय. हो म्हणतेय ती." डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं. हे अगदीच खोटं नव्हतं. इस्क्राचा मुलगा मातियास लहान असताना रायना खरोखरच तीन वर्षं तिथं होती, आणि बागेतल्या बायकांना कळावं म्हणून मान तिकडची हलवायला शिकली होती. घरी येऊन ती आणि इस्क्रा पोट धरून हसायच्या. "मी आज नंदीबैल झाले होते बघ," आई म्हणायची. मग घरात कुणी मान हलवली की दुसऱ्यानं विचारायचं, "आपली की तिथली?" ते त्यांचं ठरून गेलं होतं. वांगं आणखी वाढू? मान हलली. आपली की तिथली? पण त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि प्लोव्दिवच्या गाडीतून उतरल्या पावलीच आईची मान आपली झाली होती. डॉक्टरला हे कुठून कळणार? इस्क्रानं त्या दिवशी फक्त ते तीन शब्द विचारले नाहीत. आपली की तिथली. विचारले असते तर आईनं डोळ्यांनी सांगितलं असतं.

पण खरं भयंकर त्यापुढं घडलं. रायना हुशार बाई. लेकीचा डाव तिच्या तेव्हाच ध्यानात आला. माझी मान तिकडची म्हणतेस काय, बरं, मग घे तिकडची. तिनं लगेच मान बदलली. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उशीवर डोकं घासत, जोरजोरानं. तिकडच्या भाषेत नाही, नाही, नाही. आणि डॉक्टरचा चेहरा उजळला. "हां! आता तर आपल्याही पद्धतीनं हो म्हणाल्या," तो म्हणाला. "शाब्बास, आजी." त्यानं कागदावर सही केली आणि पुढच्या खाटेकडं वळला. रायनाचं डोकं थांबलं. कुठल्याही बाजूला हललं तरी एकच अर्थ निघणार, हे तिला कळलं असावं. ती इस्क्राकडं बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. बाजारात ओळखीचा दुकानदार मापात मारताना दिसला की बघावं, तशी ती बघत होती. डिसेंबरात वृद्धाश्रमाच्या गाडीत बसवताना तिनं चांगल्या डाव्या हातानं दाराची कड धरून ठेवली, सोडेचना. ड्रायव्हर खोळंबला होता. थंडीनं इस्क्राची बोटं वाकत नव्हती. तेव्हा ती आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "अगं, थोडे दिवस. मिंझुहार फुलले की न्यायला येते तुला. शप्पथ." आणि आईनं हात सोडला. इस्क्रा आयुष्यात बरंच खोटं बोलली होती, पण तिचं बोलणं असं तत्काळ कुणी खरं धरलं नव्हतं.

जानेवारीभर ती पट्टीकडं बघायची टाळत होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फातून हिरवी टोकं वर आलेली दिसली. भिंतीच्या कोपऱ्यात एका सकाळी मुठीएवढा खड्डा दिसला, माती उकरलेली, आणि तिला खरंच आनंद झाला: उंदीर! उंदीर कंद खातात, सगळ्यांना माहीत आहे. लागा, सगळे खा. पण उंदीर पुन्हा आले नाहीत. मंगळवारी सकाळी उजाडताना तिनं पडदा सरकवला आणि खिडकीखाली पहिली सात उभी होती, मिटलेली, पिवळी, उन्हाची वाट बघत. ती रात्रीच्या झग्यावर कोट चढवून बाहेर गेली आणि सातही खुडली. अगदी बुडातून, मातीला लागून. देठ पांढरे आणि गार होते. घरी आणून संडासात टाकली आणि साखळी ओढली. पाणी खळाळून गेलं आणि सातही फुलं फिरून पुन्हा वर आली. तिनं तीनदा पाणी सोडलं. शेवटी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली, आणि वर कॉफीचा चोथा टाकला. बुधवारी अकरा होती. गुरुवारी पंधरा. रोज तिला वाटे, आता संपली, आणि रोज आई जमिनीखालून आणखी काढून देत होती. आपल्याला लाज वाटते आहे का, हे तिनं शुक्रवारी तपासून पाहिलं. कंटाळा येत होता. थंडी वाजत होती. आणि एक जुनी, गोड खाज भागत होती, तिचं नाव घ्यायला ती तयार नव्हती.

नाव नसलं तरी वय होतं. नऊ वर्षं. मार्च महिन्याची पहिली तारीख, शाळेत सगळ्यांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा, आणि तिनं बाईंसाठी म्हणून आईच्या पट्टीतली फुलं तोडली होती. दिसली तेवढी, मोजली नाहीत. जिन्यातच आई भेटली. इस्क्रानं मूठ पाठीमागं नेली. "काय आहे? उघड." ती उघडेना. आईनं तिचा हात पुढं ओढला आणि करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट, सावकाश, जराही न दुखवता, वाटाण्याची शेंग सोलावी तसं. पाचवं सुटलं तेव्हा आई म्हणाली, "हं. आता रडायचं नाही." फुलं मोजली. बारा. "बारा? सम? कुणाला पुरायला निघालीस?" थोबाडीत बसली ती काहीच नव्हे. आईनं तिला पट्टीत नेऊन गुडघ्यांवर बसवलं आणि बाराही फुलं परत मातीत खोचायला लावली, बिनमुळांची. "लाव. नीट उभी कर. आता बघ जगतात का." दुपारपर्यंत इस्क्रा तिथं बसून होती. शाळा बुडाली. येणारेजाणारे विचारत, "काय गं, शेती करतेस?" तिसऱ्या प्रहरी बाराही फुलं माना टाकून पडली, तेव्हा आईनं खिडकीतून हाक मारली, "आलं का ध्यानात? ये जेवायला." जेवण चांगलं होतं. सफेद चीज घालून भाजलेल्या मिरच्या होत्या. असं काही केलं की आई नेहमी तिच्या आवडीचं रांधायची, आणि इस्क्रा नेहमी ते खायची.

पाव घेऊन ती इमारतीपाशी आली तेव्हा समोरच्या जिन्यातली पेना मावशी खराटा घेऊन पट्टीच्या कडेला उभी होती. पेना ही रायनाची चाळीस वर्षांची मैत्रीण. पंधरवड्यातून एकदा दही घेऊन वृद्धाश्रमात जायची. तिच्या पायाशी खुडलेल्या देठांची भोकं होती, बरीचशी. इस्क्रा तोंड भरून हसली. "बघा ना मावशी, चिमण्यांनी सत्यानाश केला. पिवळ्या रंगावर तुटून पडतात मेल्या."

"तुटून पडतात खऱ्या," पेना म्हणाली. "पण चिमणी पाकळ्या फाडते आणि तिथंच टाकून जाते गं. सगळीकडं चिंध्या होतात. इथं बघ, एक पाकळी पडलेली नाही. देठसुद्धा नेलेत. ह्या चिमण्या व्हिएन्नाच्या दिसतात. झाडून-पुसून जातात."

"मला काय माहीत? मी झोपलेली असते."

"हो ना. झग्यावर कोट घालून झोपतेस तू, मंगळवारपासून बघतेय." पेनानं खराटा भिंतीला टेकवला. तिला दम लागला होता. "मला एक सांग पोरी. तिच्याकडून काय घ्यायचं राहिलंय तुझं?"

यावर बरीच उत्तरं होती. नऊ वर्षांचं एक होतं, एक्कावन्न वर्षांचं एक होतं. इस्क्रा म्हणाली, "तुम्हाला आणायचंय का तिला तुमच्या घरी? आणा की. तिचं खालचं काढा, रात्री तीनदा कूस बदला. मी आनंदानं देते." पेनाचा चेहरा पडला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, गुडघे गेलेले, घरात आंधळा नवरा. तिच्यानं होणार नाही हे दोघींना ठाऊक होतं, आणि म्हणूनच इस्क्रानं ते म्हटलं होतं. पेनानं खराटा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "जा. जाऊन ये. सांग तिला चिमण्यांचं." आणि इतकं सरळ म्हणाली की इस्क्राला वाटलं, चला, हिच्या तावडीतून सुटले.

बस डोंगराच्या पायथ्याला अर्ध्या तासात पोचते. खिडकीच्या काचेला डोकं टेकून इस्क्रा वाक्यं जुळवत होती. आई, यंदा फुललेच नाहीत. उंदीर लागले. कोपऱ्यात एवढा खड्डा. पुढच्या ऑक्टोबरात नवे लावू, मी लावीन, तू सांगशील तसे. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, समजूतदार, थोडा दमलेला. चांगल्या लेकीचा आवाज. आई ऐकेल आणि बघेल, त्या दुकानदाराकडं बघण्याच्या नजरेनं, आणि मग खिडकीकडं तोंड करेल. मग वर्षभर कटकट नाही. वर्षभरात काहीही होऊ शकतं. 'काहीही' हा शब्द मनात आल्यावर ती थांबली नाही. तिनं तो नीट न्याहाळला आणि परत ठेवून दिला. बाहेर शेतांत पाणी साचलं होतं. पलीकडच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, पुढचा थांबा वृद्धाश्रमाचाच ना, आणि इस्क्रानं मान हलवली. आडवी. आपली. ती बाई निर्धास्त झाली. लक्ष ठेवलं की जमत होतं.

सेवदा नावाची परिचारिका दारातच भेटली. दणकट बाई, मनगटाला लाल-पांढरा दोरा, दंडावर कुणाच्यातरी ओल्या चादरी. "आलात का ताई! बरं झालं बाई, मी फोनच करणार होते. आजींनी छळ मांडलाय."

"काय झालं?"

"कोट काढू देत नाहीत! मंगळवारी सकाळी डाव्या हातानं कपाटातून ओढून काढला. मला वाटलं थंडी वाजतेय, मी घातला, बटणं लावली. आज पाच दिवस झाले, कोट अंगावरच. डोक्याला रुमाल. पायाशी पिशवी, तीत सपाता. झोपायलासुद्धा तशाच. खोलीत शेगडी लावलेली, घामानं भिजल्यात, पाठीला पुरळ आलंय. काढू का म्हटलं की नाही. नाही म्हणजे नाही."

"मंगळवारी?" इस्क्रानं विचारलं.

"मंगळवारी. फूल उमललं त्या दिवशी."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. रायना खाटेच्या कडेला बसली होती, तपकिरी कोट गळ्यापर्यंत लावलेला, रुमाल हनुवटीखाली बांधलेला, पिशवी पावलांशी. बस यायला वेळ आहे आणि आपण आधीच थांब्यावर आलो आहोत, अशी. खिडकीच्या फळीवर दह्याची प्लास्टिकची छोटी बादली होती, मातीनं भरलेली, आणि मातीतून मिंझुहार आले होते. खोलीच्या उबेनं ते लांबलचक झाले होते, पण उन्हात पुरे उघडलेले. इस्क्रानं नकळत मोजले. सात. "त्यांची मैत्रीण घेऊन आली होती ना, दही आणतात त्या," सेवदा मागून सांगत होती. "पंधराएक दिवस झाले. तेव्हा नुसती टोकं होती. आजी रोज बोट लावून बघायच्या." म्हणजे कोपऱ्यातला तो उंदीर पेना होती. म्हणजे आई पाच दिवस इथं कोट घालून बसली होती, आणि त्याच पाच सकाळी आपण तिथं वाकून खुडत होतो. इस्क्राला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. रडू येईल, किंवा आपण म्हणू, चल आई. तिनं वाट बघितली. आईसुद्धा वाट बघत होती. तिच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसत होती. चार महिन्यांत तिनं लेकीकडं असं बघितलं नव्हतं. आणि त्याही आधी कधी बघितलं होतं, ते इस्क्राला आठवेना. रायनानं डावा हात उचलला, फुलांकडं केला, मग दाराकडं केला, आणि उठायला म्हणून पाऊल पुढं टेकवलं.

"बस आई," इस्क्रा म्हणाली. "बस. हे कुंडीतले आहेत. कुंडीतले धरायचे नसतात. खोलीत ठेवलं की काहीही फुलतं. मी बागेतले म्हटलं होतं. बागेत एकही आला नाही यंदा."

हसणारी बाजू विझायला थोडा वेळ लागला. इस्क्रानं तेवढा वेळ तिच्याकडं बघितलं. बघावंसं वाटत होतं.

"ताई, कोटाचं बघा तेवढं," सेवदा म्हणाली. "तुमचं ऐकतील. आजी, लेक आलीय, आता काढायचा ना कोट?"

रायनाची हनुवटी वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली.

"बघा. नाही म्हणतात. पाच दिवस हेच."

"नाही कुठं?" इस्क्रा म्हणाली. "ती तिथली मान आहे. व्हिएन्नातली. हो म्हणतेय ती."

सेवदा चादरी धरून उभी राहिली. "अशी कशी तिथली? तीन महिने आमच्याशी तर आपलीच हलवतात. जेवण हवं, नको, खिडकी लावू, उघडू. एकदा चूक नाही."

"माझ्यासमोर तिथली हलवते. आमचं तसं आहे."

सेवदानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि ती मागं सरकली. लेक होती ती. रायनाची मान मध्येच थांबली होती. यावेळी तिनं ती आडवी केली नाही. ती वाट कुठं जाते, ते तिला माहीत होतं. तिनं मान सोडूनच दिली, आणि डाव्या हातानं कोटाचं वरचं बटण मुठीत घट्ट धरलं. मुठीला इकडचं-तिकडचं काही नसतं. इस्क्रा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. आईच्या अंगाला घामाचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. नखांखाली बादलीतली काळी माती होती. इस्क्रानं ती मूठ आपल्या हातात घेतली आणि करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट, सावकाश, जराही न दुखवता. आईनं ओळखलं. दुसऱ्या बोटालाच ओळखलं. तिचे डोळे मोठे झाले आणि तिनं लेकीच्या चेहऱ्यात काहीतरी शोधलं. तिसरं बोट. चौथं. अंगठा जून मुळासारखा बसला होता, त्याला थोडा जोर लागला. मग बटण सुटलं, आणि त्याच्यामागून बाकीची आपोआप सुटत गेली.

"हं," इस्क्रा म्हणाली. "आता रडायचं नाही."

आई रडत नव्हतीच. ती मान हलवत होती, अगदी थोडी, वर-खाली.